चार राण्यांचा बाप आणि त्याच्या वतनाचं प्रकरण

जून १२३८ मध्ये, आल्प्सच्या पायथ्याशी द्युरांस नदीवर वसलेल्या सिस्तरों गावात प्रोव्हान्सचा (आजच्या फ्रान्सचा आग्नेय भाग) काउंट, म्हणजे तिथला सत्ताधीश सरदार, रामोन बेरेंगेर याने मृत्युपत्र केलं. वय चाळिशीच्या आतबाहेर. पदरी चार मुली, मुलगा नाही. थोरली मार्गरीत फ्रान्सची राणी होऊन चार वर्षं झाली होती, दुसरी एलिनॉर इंग्लंडची राणी होऊन दोन. मृत्युपत्रात या दोघींच्या वाट्याला रोख रक्कम आली. तिसरी सांचिया, तिलाही रोखच. अख्खं वतन, म्हणजे प्रोव्हान्स आणि फोर्काल्किये या दोन्ही काउंटी, काउंटने सगळ्यात धाकट्या बेआत्रिसच्या नावे केल्या. ती तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची असेल.

युरोपच्या इतिहासात हा माणूस 'चार राण्यांचा बाप' म्हणून ओळखला जातो. इटालियन कवी दान्तेने आपल्या 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या स्वर्गकांडाच्या सहाव्या सर्गात त्याला तसंच अमर केलं: चार मुली, चारही राण्या. ऐकायला झकास वाटतं. पण तारखा लावून पाहिल्या तर काउंट १२४५ मध्ये वारला तेव्हा चारांपैकी दोनच राण्या होत्या. तिसरी राजाच्या भावाला दिलेली, आणि चौथीचं लग्नच ठरलेलं नव्हतं. म्हणजे ज्या यशासाठी त्याचं नाव घेतलं जातं त्यातलं अर्धं त्याच्या पश्चात घडलं, आणि ते त्याने ठरवलेलंही नव्हतं. त्याचा खरा हेतू वेगळा होता. मुलींना मुकुट मिळवून देण्यापेक्षा वतन एकसंध राखण्याची त्याला काळजी होती. त्या कसोटीवर हे प्रकरण तपासायचं आहे.

वतन कसलं, शेजारी कोण

प्रोव्हान्स तेव्हा फ्रान्सचा भाग नव्हता. कागदोपत्री तो पवित्र रोमन साम्राज्यात मोडायचा, म्हणजे काउंटचा वरिष्ठ सम्राट फ्रेडरिक दुसरा. बोली ऑक्सितान, उत्तरेच्या फ्रेंचांना परकी. काउंटचं घराणं मूळचं बार्सिलोनाचं. १११२ मध्ये बार्सिलोनाच्या काउंटने प्रोव्हान्सच्या वारसदार मुलीशी, दूसशी, लग्न केलं आणि मुलूख त्या घरात आला. फोर्काल्कियेची कथा तीच. रामोनची आई गार्सेंडा तिथली वारस, तिच्या पावलांनी ती काउंटी आली. वारसदार मुलीचं लग्न म्हणजे मुलखाचं हस्तांतर, हे रामोनला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो स्वतःच अशा दोन लग्नांच्या जोरावर गादीवर होता.

बाप १२०९ मध्ये गेला तेव्हा तो लहान होता. पुढे स्पेनमधल्या आरागॉनचा राजा, म्हणजे त्याचा चुलता, १२१३ मध्ये म्युरेच्या लढाईत पडला. त्यानंतर रामोन आणि त्याचा चुलतभाऊ, आरागॉनचा बालराजा जाउमे, अशा दोघांना टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या देखरेखीखाली मोन्सोनच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. तिथून १२१६ मध्ये रामोन गुपचूप निसटला आणि प्रोव्हान्सला पोचला. पिढ्यान् पिढ्या घराण्याचं मन बार्सिलोनात आणि आरागॉनमध्ये गुंतलेलं. हा मात्र आला तो इथलाच होऊन राहिला.

राहिला, पण स्वस्थ नव्हे. मार्सेय, आर्ल, आव्हिन्यों, नीस ही शहरं आपापल्या पंचांच्या जोरावर स्वतंत्र वागत. मार्सेयने तर १२३० मध्ये काउंटच्या वैऱ्याला, पश्चिमेकडच्या तुलूजच्या काउंटला, रेमों सातव्याला, आपला धनी करून घेतलं. नीस १२२९ मध्ये ताब्यात आलं ते रोमे द व्हिलनव्ह या कारभाऱ्यामुळे. डोंगरात १२३१ मध्ये एक नवं गाव वसवून काउंटने त्याला बार्सिलोनेत असं नाव दिलं, मूळ गावाची आठवण म्हणून. र्‍होन नदीच्या पलीकडे परिस्थिती याहून बिकट होती. १२२९ च्या तहाने तुलूजचा पूर्वेकडचा मुलूख फ्रान्सच्या राजाकडे गेला. काउंटच्या तारास्कों किल्ल्यासमोर, नदीपलीकडच्या बोकेरमध्ये, आता थेट फ्रेंच राजाचा अंमलदार बसला.

पैसा बेताचा, सैन्य बेताचं. त्याच्याजवळ होतं काय, तर बायको. सव्हॉयच्या काउंटची मुलगी बेआत्रिस, १२१९ मध्ये लग्न होऊन आलेली. हुशार, देखणी, आणि पाठीशी भावांची पलटण. त्यातले कुणी बिशप, कुणी सरदार, सगळेच महत्त्वाकांक्षी, कारण आल्प्समधलं वडिलोपार्जित वतन इतक्यांना पुरणार नव्हतं. या मामामंडळींना वगळून चार मुलींच्या लग्नांची गोष्ट सांगताच येत नाही.

थोरलीचं लग्न

फ्रान्सच्या बाजूने सूत्रं हलवत होती राजमाता ब्लांश. तिचा हिशोब सरळ होता. तुलूजच्या रेमोंला १२२९ मध्ये नमवलं होतं, पण तो पुन्हा डोकं वर काढणार हे दिसत होतं. त्याचा पूर्वेकडचा वैरी म्हणजे प्रोव्हान्सचा काउंट. त्याच्याशी सोयरीक केली की रेमों दोन्हीकडून आवळला जातो. २७ मे १२३४ रोजी सांस गावी लुई नववा आणि मार्गरीत यांचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर मुकुट चढला. ती तेरा वर्षांची, नवरा वीस.

हुंडा चांदीच्या मार्कांमध्ये ठरला आणि काउंटच्या ऐपतीच्या मानाने भलताच मोठा ठरला. तो कधीच पुरता चुकता झाला नाही. ही बाकी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची पन्नास वर्षं ती या घराण्याच्या मानगुटीवर बसली.

सासूची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. राजाचा सोबती जॉइन्व्हिल याने लिहून ठेवलंय की ब्लांशला मुलगा-सून एकत्र बसलेले खपत नसत. पोंतवाजच्या वाड्यात राजाची खोली वर, राणीची खाली, मधे गोल जिना. दोघं त्या जिन्यात भेटत. सासू येताना दिसली की द्वारपाल काठीने दार ठोकायचे आणि नवरा-बायको आपापल्या खोलीत पळायचे. संत म्हणून पुढे पूजला गेलेला राजा तो हाच.

दुसरीचं लग्न आणि मामांचा दिग्विजय

फ्रान्सची सोयरीक होताच इंग्लंडच्या हेन्री तिसऱ्याला जाग आली. बापाने गमावलेले नॉर्मंडी, आंजू, प्वातू हे मुलूख त्याला परत हवे होते, आणि प्रतिस्पर्ध्याला मिळालेलं सासर आपल्यालाही हवं असं त्याने ठरवलं. त्याची तेव्हा एका फ्रेंच सरदारकन्येशी सोयरीक जवळजवळ पक्की झाली होती, ती त्याने मोडली.

त्याने प्रोव्हान्सला पाठवलेल्या वकिलांजवळचे मसुदे मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा वाटतात. बहिणीला सम्राट फ्रेडरिकला देताना १२३५ मध्ये हेन्रीने ३०,००० मार्कांचा हुंडा कबूल केला होता. त्याची भरपाई म्हणून काउंटकडून २०,००० मार्कांपर्यंत मागायचे, असा पहिला मसुदा. पण जोडीला उतरत्या रकमांचे आणखी मसुदे होते, आणि शेवटच्यात हुंड्याचा उल्लेखच नव्हता: पैसे नसले तरी चालेल, मुलगी आणा. मुलीकडच्यांना या कागदांची कुणकुण लागली असती तर काय मजा आली असती! १४ जानेवारी १२३६ रोजी कँटरबरीत लग्न, २० जानेवारीला वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक. राजा अठ्ठावीसचा, एलिनॉर बारा-तेरा वर्षांची.

या लग्नाने प्रोव्हान्सला काय मिळालं? इंग्लंडचं राज्य शेकडो मैलांवर. तिथून फौज येणं अशक्यच, कधीमधी पैसे येऊ शकत, आणि सम्राटाला समजुतीचं पत्र जाऊ शकत होतं. १२४० मध्ये सम्राटाच्या चिथावणीने रेमोंने आर्लला वेढा घातला तेव्हा दोन्ही जावयांचं वजन उपयोगी पडलं. शहर पडलं नाही. तेवढा लाभ मान्य करायला हवा.

खरा लाभ सव्हॉयकरांचा झाला. मामा गिय्योम भाचीची पाठराखण करत आला आणि हेन्रीचा सल्लागार होऊन बसला. मामा पिएरला रिचमंडची जहागीर मिळाली. १२४६ मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर जागा मिळाली, वर्षाला तीन बाण एवढ्या खंडावर. तिथे पुढे सव्हॉय राजवाडा उभा राहिला, आणि आजचं सव्हॉय हॉटेल त्याच जागेवर आहे. मामा बोनिफास तर कँटरबरीचा आर्चबिशप झाला, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा मुख्य. इंग्रज सरदारांच्या पोटात दुखू लागलं ते तेव्हापासून.

मृत्युपत्राचा हिशोब

आता सिस्तरोंचं मृत्युपत्र वाचलं की त्यामागचं गणित उलगडतं. थोरलीच्या नावे वतन केलं तर प्रोव्हान्स फ्रान्सच्या पोटात जाणार. दुसरीच्या नावे केलं तर फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातल्या भांडणाचं ते आणखी एक कारण होणार. चौघींत वाटलं तर चार तुकडे, आणि शहरं तर फुटायला टपलेलीच. राहिला एक मार्ग: जी अजून कुणाच्या घरात गेलेली नाही तिला सगळं द्यायचं, म्हणजे जावईच इथे येऊन राहील. रामोन स्वतः आला आणि राहिला, तसा.

मला हा विचार पक्का वाटतो, त्या काळाच्या मानाने धाडसीही. थोरल्या मुलीचा हक्क डावलायचा आणि तोही फ्रान्सच्या राणीचा, याला छाती लागते. पण मृत्युपत्रात दोन भोकं राहिली. एक, थोरल्यांची रोख रक्कम द्यायची कुठून? तिजोरीत ती नव्हती. न दिलेल्या पैशाचं रूपांतर जमिनीवरच्या दाव्यात होतं, हे कुठल्याही भाऊबंदकीत दिसतं. दोन, सगळं ज्या लग्नावर अवलंबून होतं ते बेआत्रिसचं लग्न त्याने पुढची सात वर्षं टांगून ठेवलं.

का ठेवलं? कदाचित वाटाघाटीत हुकमाचा एक्का लवकर टाकायचा नाही म्हणून. आणि मधल्या काळात तिसरीच्या लग्नाने जो गोंधळ घातला तो पाहता त्याला सवडही मिळाली नसावी.

सांचिया: अर्धं लग्न, मग दुसरं लग्न

१२४१ मध्ये काउंटने चक्क जुन्या वैऱ्याशी समझोता केला आणि सांचिया तुलूजच्या रेमोंला द्यायचं ठरवलं. नातं पाहा. रेमोंची पहिली बायको आरागॉनची सांचा ही रामोन बेरेंगेरची सख्खी आत्या. आत्याच्या नवऱ्याने आत्याला सोडून भाच्याच्या मुलीशी लग्न करायचं. रेमोंची गरज उघड होती. त्याला एकच मुलगी, तिचं लग्न १२२९ च्या तहाने फ्रान्सच्या राजाच्या भावाशी बांधलेलं. मुलगा झाला तर तुलूज वाचवायची काहीतरी आशा होती. वैऱ्याचा मुलगा आपला नातू असेल, आणि दक्षिणेचे दोन मुलूख उत्तरेच्या विरोधात उभे राहतील, असा विचार रामोनने केला असावा.

रेमोंचं पहिलं लग्न रद्द झालं. ऑगस्टमध्ये एक्स शहरी सांचियाशी लग्न लागलं तेही वर हजर नसताना. त्याच्या वतीने उभा होता आरागॉनचा जाउमे, मोन्सोनच्या किल्ल्यातला तो जुना सवंगडी. आता फक्त पोपची परवानगी बाकी होती, कारण नातं जवळचं. आणि त्याच महिन्यात पोप ग्रेगरी नववा वारला. नवा पोप सेलेस्टाइन चौथा अडीच आठवड्यांत गेला. मग जून १२४३ पर्यंत पोपची गादी रिकामी. परवानगी द्यायला जागेवर कुणीच नाही.

तेवढ्यात रेमोंने १२४२ मध्ये हेन्रीशी हातमिळवणी करून लुईविरुद्ध बंड केलं. तायबूरला हेन्रीची फौज मागे हटली आणि रेमों पुढच्या वर्षी लुईपुढे नमला. रामोनच्या दोन जावयांनी एकमेकांवर फौजा घातल्या होत्या. साडू झाल्याने राजे भांडायचे थांबत नाहीत, निदान लगेच नाही. सांचियाचं अर्धं लग्न मोडलं आणि २३ नोव्हेंबर १२४३ रोजी ती वेस्टमिन्स्टरला हेन्रीच्या भावाशी, कॉर्नवॉलच्या रिचर्डशी, बोहोल्यावर चढली. एलिनॉर आणि सांचिया, सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या.

लेकीला घेऊन काउंटेस स्वतः इंग्लंडला गेली होती. इंग्रज दरबाऱ्यांवर तिची छाप पडली. जावई हेन्री आणि त्याचा मेहुणा सायमन द मोंफर यांच्यातलं वितुष्ट तिने मिटवलं, आणि परतताना नवऱ्यासाठी ४,००० मार्कांचं कर्जही मिळवलं, तारण म्हणून प्रोव्हान्सचे काही किल्ले लिहून देऊन. वतनाच्या अंगावर आणखी एका जावयाचा बोजा चढला. काउंटला पैशाची निकड किती होती हे यावरून कळतं.

एक्सच्या वेशीवरचे वर

१९ ऑगस्ट १२४५ रोजी रामोन बेरेंगेर एक्समध्ये वारला. काउंटेसला हयातभर वतनाचा उपभोग, आणि धाकट्या बेआत्रिसला वारसा. कारभार रोमे द व्हिलनव्हच्या हाती. दान्तेच्या कवितेतला रोमेओ तो हाच, पण दरबाऱ्यांनी कान भरल्यावर काउंटने त्याला हाकललं आणि तो म्हातारपणी भिकेला लागला, ही कथा खरी नाही. काउंटचा त्याच्यावर शेवटपर्यंत विश्वास होता, मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच्यावरच सोपवलेली.

बातमी फुटताच मागण्या घालणारे धावले. रेमों पुन्हा एकदा, या खेपेला धाकटीसाठी. सम्राट फ्रेडरिकला ती आपल्या मुलाला, कॉनराडला, हवी होती, त्याने आरमार पाठवलं. जाउमे फौज घेऊन एक्सच्या वेशीवर. पुढच्या चार-पाच महिन्यांत काउंटेसने जे केलं त्याला तोड नाही. मुलीला घेऊन ती तटबंद एक्समध्ये बसली, गावकऱ्यांना आपल्या बाजूला ठेवलं, आणि पोप इनोसंट चौथ्याकडे धाव घेतली. पोप तेव्हा सम्राटाच्या भीतीने रोम सोडून लियोंला राहत होता.

डिसेंबर १२४५ मध्ये क्लुनीच्या मठात पोप, लुई, ब्लांश आणि लुईचा धाकटा भाऊ शार्ल यांची गुप्त बैठक झाली. ठरलं असं: बेआत्रिस शार्लला द्यायची, पण प्रोव्हान्स फ्रान्सच्या गादीला जोडायचा नाही. शार्लला मूल झालं तर त्याच्याकडे, नाही तर सांचियाकडे. शार्ल फौज घेऊन तडक दक्षिणेला निघाला. सोबत होता मामा फिलिप, अर्थात. वेशीवरच्या वरांना हटवून ३१ जानेवारी १२४६ रोजी एक्समध्ये लग्न लागलं. नवरा एकोणीस-वीस वर्षांचा. मार्गरीत आणि बेआत्रिस याही आता जावा झाल्या, आणि फ्रान्सची राणी जन्मभराची दुखावली. बापाने तिला डावलून धाकटीला वतन दिलं, आणि ते आता दिराच्या घशात गेलं!

जाणकार इथे म्हणतील की मग मृत्युपत्र फसलंच की, वतन फ्रान्सच्याच घरात गेलं. मला ते अर्धंच पटतं. प्रोव्हान्स फ्रान्सच्या राज्यात विलीन झाला तो १४८१ मध्ये, म्हणजे लग्नानंतर २३५ वर्षांनी. तोवर तो वेगळा राहिला, आणि नीसकडचा भाग १३८८ मध्ये सव्हॉयकडे गेला तो सोडला तर बराचसा एकसंधही. तुलूजची तुलना करा. रेमोंच्या मुलीला आणि तिच्या नवऱ्याला मूल झालं नाही, १२७१ मध्ये दोघं पाठोपाठ गेले आणि तुलूज तिथल्या तिथे राजाच्या खात्यात जमा झालं. क्लुनीची अट आणि वतन न वाटण्याचा रामोनचा निर्णय, दोन्हींना याचं श्रेय आहे.

घरजावई मात्र रामोनच्या मनातला नव्हता. शार्लने उत्तरेतून वकील आणि हिशेबनीस आणले आणि काउंटचे जुने हक्क एकेक करून खणून काढायला सुरुवात केली. सासूचा हयातभराचा उपभोग त्याने धाब्यावर बसवला. शहरं उठली: मार्सेय, आर्ल, आव्हिन्यों. सासूबाईंनी बंडखोरांना साथ दिली. शार्ल लुईबरोबर धर्मयुद्धावर गेला तेवढा काळ त्यांना मोकळं रान मिळालं. परतल्यावर त्याने एकेक शहर वठणीवर आणलं. काउंटेसशी तडजोड झाली ती १२५६ मध्ये, लुईच्या मध्यस्थीने, वार्षिक रकमेच्या बदल्यात.

बहिणींनी काय साधलं

लग्नं लावताना बापाला अपेक्षित नव्हती अशी एक गोष्ट घडली: बहिणींनी स्वतःचं राजकारण उभं केलं. मार्गरीतचं पाणी धर्मयुद्धात दिसलं. एप्रिल १२५० मध्ये इजिप्तमध्ये लुई कैद झाला, ती तिथल्याच दामिएता शहरात, बाळंतपणाच्या दिवसांत. तिने खोलीत एका वृद्ध सरदाराला बसवून शपथ घ्यायला लावली की शत्रू शहरात शिरला तर मी त्याच्या हाती लागण्याआधी माझं डोकं उडव. तो म्हणाला, माझ्या मनात तेच होतं. बाळंतपण होतं न होतं तोच शहर सोडून पळू पाहणाऱ्या पिसा आणि जेनोवाच्या लोकांना तिने बिछान्यापाशी बोलावलं, शहरातला दाणागोटा आपल्या खर्चाने विकत घेतला आणि त्यांना थोपवून धरलं. दामिएता हातात राहिलं म्हणून राजाच्या सुटकेचा सौदा करता आला.

१२५४ च्या नाताळात पॅरिसला चारही बहिणी आईसह एकत्र आल्या. हेन्री आणि लुई हे साडू पहिल्यांदा निवांत भेटले आणि त्यांचं जमलं. त्यातून १२५९ चा पॅरिसचा तह निघाला. हेन्रीने नॉर्मंडी, आंजू, प्वातू यांवरचा दावा सोडला आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्येतल्या गास्कनीपुरता तो लुईचा मांडलिक झाला. सल्लागारांनी लुईला विचारलं, हरलेल्या माणसाला मुलूख परत कशाला देता? त्याचं उत्तर जॉइन्व्हिलने नोंदवलंय: आमच्या बायका बहिणी आहेत, मुलं मावसभावंडं आहेत.

सिसिलीचा मुकुट तर या घरात प्रसादाच्या ताटासारखा फिरला. पोपने तो आधी रिचर्डपुढे धरला. रिचर्ड म्हणाला, हे म्हणजे चंद्र विकत घे, वर चढून काढून घे, असं झालं. मग हेन्रीने आपल्या धाकट्या मुलासाठी, एडमंडसाठी, तो स्वीकारला आणि पोपच्या १,३५,५४१ मार्कांच्या कर्जाखाली दबला. इंग्लंडमध्ये १२५८ चं सरदारांचं बंड पेटलं त्याचं एक कारण हे कर्ज, दुसरं राजाच्या परदेशी नातलगांचा सुळसुळाट. शेवटी मुकुट गेला शार्लकडे. त्याचा आणि बेआत्रिसचा राज्याभिषेक ६ जानेवारी १२६६ रोजी रोममध्ये झाला, फेब्रुवारीत बेनेव्हेंतोला प्रतिस्पर्धी मानफ्रेड पडला. चौथी राणी झाली, बाप जाऊन वीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी ती वारली. तिसरी, सांचिया, १२५७ मध्ये आखेनला रोमनांची राणी, म्हणजे जर्मनीच्या निवडून आलेल्या राजाची राणी, म्हणून अभिषिक्त झाली होती आणि १२६१ मध्ये गेली. नवरा तिच्या अंत्यसंस्काराला हजर नव्हता.

एलिनॉरला मात्र मामांच्या भरभराटीची किंमत मोजावी लागली. जुलै १२६३ मध्ये तिची नाव लंडन पुलाखालून निघाली असताना वरून जमावाने चिखल, दगड, अंडी फेकली. तिचा मुलगा एडवर्ड ते विसरला नाही. पुढच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या लुइस गावी बंडखोर सरदारांशी झालेल्या लढाईत लंडनकर दिसताच तो त्यांच्या मागे लागून रणांगणाबाहेर गेला, आणि परतला तेव्हा बाप लढाई हरला होता. राजा कैदेत. राणी समुद्रापलीकडे जाऊन कर्ज काढून फौज जमवत होती, मार्गरीत तिला पाठबळ देत होती.

थोरलीचा हिशोब

मार्गरीत प्रोव्हान्स विसरली नाही. हुंड्याची बाकी आणि थोरलेपणाचा हक्क, दोन्ही तिने लावून धरले. मुलगा फिलिप, भावी राजा, याच्याकडून तिने शपथ घेतली की तीस वर्षांचा होईपर्यंत आईच्या सल्ल्याने वागेन आणि काका शार्लशी कधी हातमिळवणी करणार नाही. १२६३ मध्ये लुईला पत्ता लागला. त्याने पोपकडून मुलाला शपथेतून मोकळं करून घेतलं. नवऱ्याने बायकोपेक्षा भावाची बाजू घेतली, आणि तेही इतक्या शांतपणे.

लुई १२७० मध्ये गेला, तिने दावा सोडला नाही. १२८१ मध्ये तिने माकोंला बर्गंडी आणि सव्हॉयकडचे सरदार जमवले, प्रोव्हान्सवर हत्यारबंद चालून जाण्यासाठी. ती साठीची होती. भाचा एडवर्ड, आता इंग्लंडचा राजा, मावशीला जपत सबुरीचा सल्ला देत होता. एवढ्यात मार्च १२८२ मध्ये पालेर्मोत शार्लच्या फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला, सिसिली हातची गेली आणि शार्लला सावरायला फ्रान्सच्या राजघराण्याला एक व्हावं लागलं. स्वारी राहून गेली. वाटाघाटी लांबत गेल्या, १२८५ मध्ये शार्लही वारला, आणि अखेरीस शार्लच्या आंजू काउंटीच्या उत्पन्नातून मार्गरीतला वार्षिक रक्कम बांधून देण्यात आली. ज्या लग्नाचा हुंडा १२३४ मध्ये ठरला होता, त्याच्या बाकीचा निकाल लागायला पन्नास वर्षं गेली, आणि पैसे भरले ते दिराच्या घराण्याने.